बोसॉनच्या जोड्या मोजायच्या आणि "थिअरीशी जुळलं" म्हणायचं, यात नक्की तपासलं काय जातं?

प्रश्न विचारणारे एम.एस्सी.ला आहेत. त्यांचं म्हणणं असं की ॲटलस आणि सीएमएस या सर्नच्या एलएचसी कोलायडरवरच्या दोन प्रयोगांचे डब्ल्यूडब्ल्यू, डब्ल्यूझेड, झेडझेडवरचे (म्हणजे डब्ल्यू आणि झेड बोसॉनच्या जोड्यांवरचे) पेपर वाचले, दरवेळी शेवटी "स्टँडर्ड मॉडेलशी सुसंगत" एवढंच असतं (स्टँडर्ड मॉडेल म्हणजे मूलभूत कणांची आजची मान्य थिअरी), मग ही खरंच थिअरीची परीक्षा आहे का नुसतं शिक्कामोर्तब. आणि जोडीला दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला: ८ टीईव्ही ऊर्जेच्या टकरींच्या डेटात (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) डब्ल्यूडब्ल्यू २० टक्के जास्त आलं होतं, ते नंतर "जुळलं" कसं, थिअरीवाल्यांनी डेटा बघून गणित वाकवलं का?

मी याच मोजमापांवर बरीच वर्षं काम करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मुळात दोन्ही प्रश्न एकच आहेत असं मला वाटतं. मोजलेला आकडा आणि गणिताचा आकडा यात फरक पडला तर तो कुणाच्या नावावर टाकायचा, डिटेक्टरच्या, गणिताच्या का निसर्गाच्या, हे ठरवता येतं का? येत असेल तर "जुळलं" या शब्दालाही वजन आहे, आणि येत नसेल तर जुळणं आणि न जुळणं दोन्ही सारखंच निरर्थक. आमचं नव्वद टक्के काम या ठरवण्यातच जातं, आणि पेपरच्या सारांशात नेमकं तेच दिसत नाही.

आधी जोड्याच का, ते बघू. डब्ल्यू आणि झेड हे वीक फोर्सचे वाहक, पण फोटॉनसारखे नाहीत, ते एकमेकांशी थेट भिडतात. डब्ल्यू-डब्ल्यू-झेड, डब्ल्यू-डब्ल्यू-फोटॉन असे तीन बोसॉनचे जोड आणि चार बोसॉनचेही जोड थिअरीत आहेत, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची ताकद किती हे थिअरी स्वतः ठरवते, तिथे हाताने फिरवायला एकही बटण नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान थिअरी सांगत नाही, ते मोजून आत घालावं लागतं, पण डब्ल्यू-डब्ल्यू-झेडचं कपलिंग (म्हणजे त्या जोडाची ताकद) एकदा बाकीच्या दोन-तीन गोष्टी मोजल्या की पक्कं ठरतं. म्हणून इथे परीक्षा खरी होते.

शिवाय या प्रक्रियांमध्ये मोठ्या आकड्यांची वजाबाकी चालू असते. सर्नच्या एलईपी या जुन्या कोलायडरमध्ये १९९६ पासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरीतून डब्ल्यूच्या जोड्या तयार करायला लागले, तिथे सगळ्यात साध्या पातळीवर तीन डायग्राम (प्रक्रिया घडण्याच्या वाटा) येतात: एक न्यूट्रिनोच्या देवाणघेवाणीचा, एक मधे फोटॉन असलेला, एक मधे झेड असलेला. नुसता न्यूट्रिनोचा धरला तर क्रॉस सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप, पिकोबार्नमध्ये) ऊर्जेबरोबर चढतच जातो, फोटॉनचा मिळवला तरी चढतो, तिन्ही एकत्र केले की एकमेकांना कापतात आणि वक्र २०० जीईव्हीच्या आसपास साधारण १७ पिकोबार्नवर सपाट होतो. एलईपीने नेमका हाच सपाट वक्र मोजला, साधारण एक टक्क्याच्या अचूकतेने. तो आलेख अजून शोधून बघा, एकाच चित्रात सगळं दिसतं, झेडचा डायग्राम काढून टाकला की वक्र डेटापासून कसा दूर निघून जातो ते. कुठलंही कपलिंग जरासं हललं तरी ही वजाबाकी बिघडते, आणि ऊर्जा जितकी जास्त तितकी जास्त बिघडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

आता एलएचसी. इथे आदळतात प्रोटॉन, म्हणजे आत क्वार्क आणि ग्लुऑन, त्यामुळे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा स्वच्छपणा नाही, पण आकडे प्रचंड. १३ टीईव्हीला डब्ल्यूडब्ल्यूचा क्रॉस सेक्शन साधारण ११९ पिकोबार्न, डब्ल्यूझेडचा ५० च्या आसपास, झेडझेडचा साधारण १७. २०१५ ते २०१८ मध्ये प्रत्येक प्रयोगाला साधारण १४० इन्व्हर्स फेम्टोबार्न डेटा मिळाला, क्रॉस सेक्शनशी त्याचा गुणाकार करा (१ पिकोबार्न म्हणजे १००० फेम्टोबार्न) की घटनांची संख्या मिळते, दीड कोटीपेक्षा जास्त डब्ल्यूच्या जोड्या आणि २४ लाखाच्या आसपास झेडच्या जोड्या. ऐकायला खूप वाटतं, पण झेड इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनच्या जोडीत तुटण्याची शक्यता जेमतेम ६.७ टक्के, दोन्ही झेड तसे तुटायला हवेत, म्हणजे ०.४५ टक्के, २४ लाखातले दहा-अकरा हजार उरले, आणि त्यातलेही बरेच डिटेक्टरच्या कडेने निसटतात किंवा फार कमी ऊर्जेचे असतात. चार लेप्टॉनचं (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनचं) झेडझेड इतकं स्वच्छ असतं की बॅकग्राउंडची, म्हणजे तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या घटनांची, चिंता फारशी करावी लागत नाही, पण मोजायला घटना कमी. डब्ल्यूडब्ल्यूचं उलट: घटना भरपूर, पण प्रत्येक डब्ल्यूबरोबर एक न्यूट्रिनो पळून जातो आणि बॅकग्राउंड बोकांडी बसतो. डब्ल्यूझेड दोन्हीच्या मधे.

डब्ल्यूडब्ल्यूचं एक उदाहरण जवळून दाखवतो कारण "अचूक मोजमाप" म्हणजे काय ते यातून कळेल. आम्ही एक इलेक्ट्रॉन आणि एक म्युऑन, विरुद्ध चार्जचे, अशा घटना निवडतो (दोन्ही इलेक्ट्रॉन किंवा दोन्ही म्युऑन घेतले की झेडचाच पूर येतो म्हणून). पण टॉप क्वार्कची जोडी तुटली तरी हेच मिळतं, दोन डब्ल्यू आणि वर दोन बी-क्वार्कचे जेट (एका दिशेने निघालेले कणांचे झोत), आणि टॉप जोडीचा क्रॉस सेक्शन १३ टीईव्हीला साधारण ८३० पिकोबार्न, म्हणजे आपल्या सिग्नलच्या सातपट. मग काय करायचं, ज्या घटनेत बी-जेट ओळखता आला ती टाकून द्यायची. समजा एक बी-जेट सापडण्याची शक्यता ८० टक्के आहे. तर शंभर टॉप जोड्यांपैकी दोन्ही सापडलेल्या ६४, एकच सापडलेला ३२, आणि एकही न सापडलेल्या ४. त्या चार आपल्या डब्ल्यूडब्ल्यूमध्ये मिसळतात. ८३० चे ४ टक्के म्हणजे ३३, ११९ च्या शेजारी ३३! आणि त्या ३३ मध्ये दहा टक्के चूक झाली की आपल्या उत्तरात जवळजवळ तीन टक्क्यांची चूक.

इथे सिम्युलेशनवर विसंबून "८० टक्के" धरून चालत नाही. युक्ती अशी की एक बी-जेटवाल्या आणि दोन बी-जेटवाल्या घटना डेटातच मोजायच्या, त्यांच्या गुणोत्तरावरून शक्यता काढायची आणि शून्यवाल्यांचा अंदाज बांधायचा: ३२ चा वर्ग भागिले ६४ ची चौपट, बरोबर ४. म्हणजे टॉपचा क्रॉस सेक्शन किती आणि बी-जेट ओळखण्याची क्षमता किती, या दोन्ही गोष्टींचं ओझं बऱ्यापैकी उतरतं, उरतो तो दोन बी-जेटमधल्या परस्परसंबंधाचा छोटा दुरुस्तीचा आकडा. अशा पद्धतीनेच ॲटलसने अलीकडे बी-जेट सोडता जेटवर कुठलीही अट न घालता डब्ल्यूडब्ल्यू साधारण तीन टक्क्यांपर्यंत मोजलंय. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

असंच लेप्टॉन ओळखण्याच्या क्षमतेचं, असंच ल्युमिनॉसिटीचं, म्हणजे एकूण किती टकरींचा डेटा मिळाला त्या आकड्याचं. ॲटलसने त्या चार वर्षांच्या डेटाची ल्युमिनॉसिटी ०.८३ टक्क्यांपर्यंत आणली, ते काम किती लोकांनी किती काळ केलंय याची बाहेर कल्पना नसते. ल्युमिनॉसिटी चुकली तर प्रत्येक क्रॉस सेक्शन तेवढाच चुकतो, त्याला दुसरा उपाय नाही.

आता तुमच्या २० टक्क्यांकडे येऊ. २०१२-१३ च्या सुमाराला ७ आणि ८ टीईव्हीच्या डेटातून दोन्ही प्रयोगांचे डब्ल्यूडब्ल्यूचे आकडे वर येत होते. सीएमएसचा सुरुवातीचा ८ टीईव्हीचा आकडा ६९.९ पिकोबार्न, गणित सांगत होतं ५७.३. दोन्ही प्रयोग एकाच दिशेला. साहजिकच लोकांनी उड्या मारल्या, सुपरसिमेट्री या अजून सिद्ध न झालेल्या थिअरीतले हलके चार्जिनो किंवा टॉपचे जोडीदार असे नवे कण तुटून असेच दोन लेप्टॉन देऊ शकतात, असे पेपर आले, आणि ते पेपर वाईट नव्हते, प्रश्न रास्त होता. पुढे २०१५ मध्ये सीएमएसने पूर्ण ८ टीईव्ही डेटावर मोजलं ते ६०.१, आणि गणित झालं ५९.८.

नीट बघा काय काय हललं. गणित ५७.३ वरून ५९.८ वर गेलं, म्हणजे चार-साडेचार टक्के. बाकीचं सगळं मोजमापाच्या बाजूने खाली आलं. म्हणजे "थिअरी डेटाकडे वाकली" हे चित्रच उलटं आहे, जास्त सरकला तो मोजलेला आकडा.

मोजलेला आकडा कसा सरकू शकतो? टॉपला बाहेर ठेवायला तेव्हा सगळ्यात सोपा मार्ग होता जेट-व्हेटो, एका ठराविक संवेगाच्या वरचा एकही जेट नसलेल्याच घटना घ्यायच्या. त्याने टॉप जातो पण खऱ्या डब्ल्यूडब्ल्यूमधल्याही बऱ्याच घटना जातात, कारण येणारे क्वार्क टक्कर होण्याआधीच ग्लुऑन फेकतात. मग किती गेल्या ते सिम्युलेशनला विचारायचं आणि तेवढं भागून "एकूण" क्रॉस सेक्शन सांगायचा. व्हेटोची मर्यादा २५-३० जीईव्ही आणि जोडीचं वस्तुमान दोनशे-तीनशे जीईव्ही, दोन पट्ट्यांमध्ये एवढं अंतर असलं की गणितात मोठमोठे लॉगॅरिदम येतात, ते सगळ्या ऑर्डरपर्यंत बेरजेत घ्यावे लागतात ज्याला रीसमेशन म्हणतात, आणि तेव्हाची सिम्युलेशनं हे पुरेसं अचूक करत नव्हती. व्हेटोतून पार होणाऱ्या घटनांचं प्रमाण सिम्युलेशनने कमी सांगितलं, म्हणून भागाकार मोठा आला. सीएमएसने नंतर डब्ल्यूडब्ल्यू जोडीच्या ट्रान्सव्हर्स (बीमला आडव्या दिशेच्या) संवेगाचं वितरण रीसमेशनच्या गणिताला जुळवून घेतलं, एक जेटवाल्या घटनाही घेतल्या, आणि आकडा खाली आला.

गणिताच्या बाजूला २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूचं एनएनएलओ आलं, म्हणजे स्ट्राँग फोर्सच्या कपलिंगमध्ये आणखी एक पायरी पुढचं गणित. एनएलओपेक्षा (ही त्याआधीची पायरी, एलओ ही सगळ्यात साधी) ते ७ टीईव्हीला ९ टक्के आणि १४ टीईव्हीला १२ टक्के जास्त येतं, त्यातला साधारण तिसरा हिस्सा दोन ग्लुऑनपासून जोडी तयार होण्याचा, तो आधीच धरलेला होता, म्हणून निव्वळ वाढ कमी दिसते.

मग वाकवलं नाही कशावरून? तर हे गणित फिरवायला कुठलं बटण नाही. एनएनएलओचे डायग्राम किती आणि कुठले हे थिअरी सांगते, डेटा बघून त्यातला एखादा वगळता येत नाही. तेच तंत्र झेडझेडला, डब्ल्यूझेडला लावलं, तिथेही वाढ आली आणि तिथेही डेटाशी जुळणी सुधारली. डब्ल्यूझेडचं एनएनएलओ २०१६ मध्ये आलं, त्यातही डेटा आधी जरा वर दिसायचा तो बसला. एका ठिकाणी ठिगळ लावलं असतं तर बाकी तीन ठिकाणी उसवलं असतं. आणि व्हेटोचं स्पष्टीकरण तपासायची सरळ वाट होती, व्हेटो काढा आणि मोजा. नवा कण असता तर व्हेटो काढला तरी जास्तीच्या घटना दिसल्याच असत्या. वर सांगितलेलं जेटच्या अटीशिवायचं मोजमाप यासाठीच मला मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो कारण ती पेपरांत नीट येत नाही. ॲटलसचा ८ टीईव्हीचा शेवटचा आकडा ७१.१ पिकोबार्न आणि त्याच्या शेजारचं गणित ६३.२, म्हणजे तो थोडा वरच राहिला, अनसर्टन्टी (अनिश्चितता) साडेपाच-सहा पिकोबार्नची असल्यामुळे फरक दीड सिग्माच्या, म्हणजे अनसर्टन्टीच्या दीडपटीच्या, आतला, म्हणजे त्यावरून काही म्हणता येत नाही. आणि हा ६३.२ सीएमएसच्या ५९.८ पेक्षा वेगळा दिसतो याचं मुख्य कारण एकात हिग्जपासून येणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यू जोड्या धरल्यात आणि दुसऱ्यात नाहीत. दोन पेपरचे आकडे शेजारी ठेवण्याआधी व्याख्या एकच आहे का ते बघा, विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. म्हणूनच आता आम्ही "एकूण" पेक्षा फिड्युशियल क्रॉस सेक्शन जास्त भरवशाचा मानतो, म्हणजे डिटेक्टरने खरोखर पाहिलेल्या भागापुरताच आकडा. न पाहिलेल्या भागाचा अंदाज त्यात मिसळत नाही, आणि उद्या गणित सुधारलं तर जुना डेटा परत वापरता येतो.

या प्रकरणातून मी स्वतःपुरता घेतलेला धडा स्केल अनसर्टन्टीबद्दलचा आहे. गणितातली रीनॉर्मलायझेशन स्केल (आपण निवडलेली एक संदर्भ ऊर्जा) दुप्पट आणि निम्मी करून जो पट्टा मिळतो त्याला लोक "थिअरीची चूक" म्हणतात. डब्ल्यूडब्ल्यूला एनएलओचा तो पट्टा तीन-चार टक्क्यांचा होता आणि पुढची पायरी त्याच्या बाहेर जाऊन पडली, कारण त्या पायरीवर नव्या प्रकारच्या टकरी उघडतात, ज्या आधीच्या पायरीवर अस्तित्वातच नव्हत्या, आणि जे अस्तित्वातच नाही ते स्केल हलवून कसं दिसणार. त्यामुळे कुठेही "थिअरीपासून तीन सिग्मा" वाचलं की मी पहिल्यांदा बघतो थिअरी कुठल्या ऑर्डरची आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: एकूण आकडा जुळणं ही पहिली पायरी, त्यातून डिटेक्टर आणि गणित दोन्ही काही टक्क्यांपर्यंत ताब्यात आहेत एवढं कळतं. नवीन काही शोधायचं तर खरी जागा पुढे आहे.

ती जागा म्हणजे वितरणांची शेपटी, म्हणजे जास्त ऊर्जेकडचं टोक, आमच्या भाषेत टेल. वर म्हटलं तसं, कपलिंग जरा हललं की बिघाड ऊर्जेबरोबर वाढतो, आणि ढोबळमानाने ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा जोडीचं वस्तुमान २०० जीईव्ही असताना नव्या भौतिकीने एक टक्का फरक पडतोय. तिथे घटना लाखो असल्या तरी आपली अचूकता तीन टक्क्यांची, म्हणजे तो कधीच दिसणार नाही. पण १००० जीईव्हीला ऊर्जा पाचपट, फरक पंचवीसपट, म्हणजे २५ टक्के. तिथे नुसत्या शंभर घटना असल्या तरी आकडेवारीची चूक दहा टक्के, आणि २५ टक्के फरक जाणवायला लागतो. म्हणून कमी अचूक पण जास्त ऊर्जेचं मोजमाप कधीकधी जास्त अचूक पण कमी ऊर्जेच्या मोजमापापेक्षा पुढे जातं, एलईपीची एक टक्क्याची अचूकता असूनही आज काही कपलिंगांवर एलएचसीच्या मर्यादा जास्त कडक आहेत त्या यामुळेच. नवा कण एलएचसीच्या आवाक्याबाहेर जड असला, थेट तयारच होत नसला, तरी त्याची सावली या शेपटीत पडू शकते. ही सावली मोजायची भाषा म्हणजे इफेक्टिव्ह फील्ड थिअरी, स्टँडर्ड मॉडेलच्या वर सहाव्या डायमेन्शनचे ऑपरेटर, म्हणजे समीकरणातली जास्तीची पदं, जोडायचे आणि प्रत्येकाचा गुणांक किती असू शकतो ते डेटावरून बांधायचं. मग "जुळलं" याचा अर्थ होतो "या गुणांकाची एवढ्यापेक्षा मोठी किंमत शक्य नाही", आणि ते नवीन ज्ञान आहे. कुठलीही नवी थिअरी मांडणाऱ्याला त्या मर्यादेच्या आत राहावंच लागतं.

पण शेपटीत सापळेही तितकेच आहेत. पहिला, इलेक्ट्रोवीक दुरुस्त्या. जास्त ऊर्जेला डब्ल्यू आणि झेडच्या आभासी देवाणघेवाणीमुळे क्रॉस सेक्शन खाली जातो, एक टीईव्हीच्या आसपास दहा-वीस टक्के आणि पुढे आणखी, आणि ही दुरुस्ती विसरली तर खरोखरची वाढ झाकली जाऊ शकते. ती स्ट्राँग फोर्सच्या दुरुस्तीशी बेरजेने जोडायची का गुणाकाराने, यावरच टोकाला काही टक्के फरक पडतो. दुसरा सापळा, कुठलं चल निवडलं. डब्ल्यूझेडमध्ये झेडचा संवेग घेतला तर टोकाला अशा घटना भरतात ज्यात झेड एका मोठ्या जेटवर रेटा देऊन उडालाय आणि डब्ल्यू बिचारा कमी ऊर्जेचा बाजूला निघालाय. दिसायला ऊर्जा जास्त, पण त्या घटनेत डब्ल्यू-डब्ल्यू-झेडच्या जोडावर ताण आलेलाच नाही. अशा ठिकाणी एनएलओ साध्या गणिताच्या कित्येक पट होतं. जेट-व्हेटो लावला तर या घटना जातात पण वरची लॉगॅरिदमची कटकट परत येते. इथे एकच बरोबर उत्तर नाही, कुठला चॅनेल, किती डेटा, कुठला ऑपरेटर शोधताय यावर ठरतं. मी स्वतः सरसकट व्हेटो टाळतो आणि जेटचा संवेग जोडीच्या संवेगाच्या तुलनेत किती यावर अट घालणं पसंत करतो, पण दुसरीकडे झुकणारे चांगले लोकही आहेत.

तिसरा सापळा जरा खोल आहे पण तुम्ही एम.एस्सी.चे आहात म्हणून सांगतो. नवा ऑपरेटर स्टँडर्ड मॉडेलशी इंटरफिअर करतो तेव्हा फरक गुणांकाच्या पहिल्या घातात येतो, आणि ऑपरेटर एकटाच आला तर वर्गात. तीन डब्ल्यूंच्या जोडाचा एक प्रसिद्ध ऑपरेटर आहे, तो ज्या हेलिसिटीचे (गतीच्या दिशेच्या तुलनेत स्पिनचा रोख) बोसॉन तयार करतो त्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये जास्त ऊर्जेला जवळजवळ तयारच होत नाहीत, त्यामुळे इंटरफेरन्स गळून जातो आणि मर्यादा सगळी वर्गाच्या पदावर उभी राहते. अडचण अशी की आठव्या डायमेन्शनचे ऑपरेटर त्याच पातळीवर येतात आणि ते आपण सोडून दिलेत. त्यामुळे पेपर वाचताना नुसतं पहिल्या घातावरची मर्यादा आणि वर्ग धरून मर्यादा, दोन्ही दिल्यात का ते बघा, दोघांत दहापट फरक असेल तर ती मर्यादा जपून वापरायची. गळालेला इंटरफेरन्स बोसॉन तुटल्यावरच्या कोनांमध्ये परत सापडतो, म्हणून हल्ली कोनांची मोजमापं वाढलीत.

कोनांवरून पोलरायझेशन आलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हा. डब्ल्यू आणि झेडला वस्तुमान आहे म्हणून त्यांना लाँगिट्यूडिनल (गतीच्याच दिशेतलं) पोलरायझेशन आहे, फोटॉनला ते नाही, आणि हे जास्तीचं पोलरायझेशन हिग्ज फील्डमधूनच आलेलं आहे. म्हणजे लाँगिट्यूडिनल डब्ल्यू बघणं म्हणजे हिग्ज यंत्रणेचाच एक तुकडा बघणं. मोजायचं कसं, तर बोसॉनच्या स्थिर चौकटीत लेप्टॉन कुठल्या कोनात निघाला त्यावरून. पण डब्ल्यूचा न्यूट्रिनो दिसतच नाही, आडव्या दिशेचा त्याचा संवेग हरवलेल्या संवेगावरून कळतो, बीमच्या दिशेचा काढायला डब्ल्यूचं वस्तुमान ८०.४ जीईव्ही गृहीत धरून वर्गसमीकरण सोडवावं लागतं, त्याची दोन उत्तरं येतात, आणि डिटेक्टरच्या मोजण्यातल्या चुकीमुळे कधीकधी दोन्ही काल्पनिक येतात. एवढी अडचण असून ॲटलसने २०२२ मध्ये डब्ल्यूझेडमध्ये दोन्ही बोसॉन एकाच वेळी लाँगिट्यूडिनल असलेल्या घटना सात सिग्मापेक्षा जास्त खात्रीने दाखवल्या, अशांचं प्रमाण सगळ्यात मिळून सात टक्क्यांच्या आसपास, गणित सांगतं तेवढंच. पुढे जास्त ऊर्जेच्या भागातही हे वेगळं काढलं गेलं. एकूण क्रॉस सेक्शन जुळत असताना हे सात टक्के चुकले असते तर नुसत्या एकूण आकड्यात ते कुणाला कळलंही नसतं.

याच धाग्यावर व्हेक्टर बोसॉन स्कॅटरिंग आहे, दोन क्वार्क एकेक डब्ल्यू फेकतात आणि ते डब्ल्यू एकमेकांवर आदळतात. १९७७ मध्ये ली, क्विग आणि थॅकर यांनी दाखवलं होतं की हिग्ज नसेल तर लाँगिट्यूडिनल डब्ल्यूंच्या अशा टकरीची शक्यता एक टीईव्हीच्या आसपास शंभर टक्क्यांच्या वर जायला लागते. सीएमएसने २०१७ मध्ये समान चार्जच्या दोन डब्ल्यूंमध्ये ही प्रक्रिया ५.५ सिग्माने पाहिली. आता खरा प्रश्न असा की १२५ जीईव्हीचा हिग्ज ती वाढ पूर्ण रोखतो का अर्धवट, आणि त्यासाठी दोन्ही लाँगिट्यूडिनल असलेला भाग वेगळा काढावा लागेल, जो अगदी तुटपुंजा आहे. एलएचसीच्या पुढच्या टप्प्यात ३००० इन्व्हर्स फेम्टोबार्नपर्यंत डेटा गोळा करायचाय, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक.

आणि उलट बाजूही सांगायला हवी, शेपटीतला प्रत्येक उंचवटा खरा नसतो. ॲटलसच्या ८ टीईव्ही डेटात दोन बोसॉन जेटच्या रूपात तुटणाऱ्या घटनांमध्ये २ टीईव्हीला उंचवटा होता, त्या जागी बघितलं तर ३.४ सिग्मा, पण एवढ्या सगळ्या जागा शोधल्या हे धरलं की २.५. तेरा टीईव्हीच्या डेटात तो राहिला नाही. तेव्हा कुणी चुकलं नव्हतं, इतकी वितरणं बघितली की असं कुठेतरी येणारच.

तुम्ही पुढे यात यायचं म्हणत असाल तर कुठून सुरुवात करायची हे कल कुठे आहे त्यावर आहे. गणित आवडत असेल तर मॅट्रिक्स नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो, त्यात डब्ल्यूडब्ल्यू, डब्ल्यूझेड, झेडझेड एनएनएलओपर्यंत चालवता येतात, साध्या लॅपटॉपवर एलओ आणि एनएलओ तरी नक्की होतात. डेटा आवडत असेल तर दोन्ही प्रयोगांचा ओपन डेटा आहे. पण त्याआधी एक छोटं काम करा असं सुचवेन: हेपडेटा या प्रयोगांच्या आकड्यांच्या खुल्या साइटवर झेडझेडच्या चार लेप्टॉनच्या कुठल्याही मोजमापाचा तक्ता उघडा, प्रत्येक बिनमध्ये (वितरणाच्या कप्प्यात) आकडेवारीची, ल्युमिनॉसिटीची, लेप्टॉनची अनसर्टन्टी वेगवेगळी दिलेली असते. कागदावर लिहून काढा की कुठल्या बिनपर्यंत लेप्टॉन आणि ल्युमिनॉसिटी वरचढ आहे आणि कुठून पुढे आकडेवारी. तो बिन सापडला की मग विचार करा, डेटा वीसपट झाला तर तो किती पुढे सरकेल आणि तिथे गणिताची अचूकता तेवढी आहे का. उत्तर इथेच टाका, मी बघेन आणि पुढे बोलू.